बाभळीवर रेघ दिसत नाही, शिवणीवर टिकत नाही: आखणीसाठी पेन्सिल कोणती घ्यावी?

अनेरकाठ (सोमवार, रात्री ९:१०)

राम राम मंडळी.

चोपडा तालुक्यात आमचं शेत आहे. दोन वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात बांधावरची जुनी बाभूळ उन्मळून पडली. ती जळणात घालायचा जीव होईना, म्हणून सॉ मिलवर नेऊन फळ्या पाडल्या आणि मधे पट्ट्या देऊन माळ्यावर रचून ठेवल्या. आता त्या चांगल्या वाळल्यात.

लेक लग्नानंतर पहिल्यांदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येतेय. अंगणातल्या निंबाला दरवर्षी दोर बांधतो आणि त्यावर गोधडीची घडी टाकतो. यंदा तिच्यासाठी झोक्याचा नीट पाट करायचा आहे. अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा इंच जाड. मधे ९ इंचांची बाभळीची फळी, दोन्ही कडांना ३-३ इंचांच्या, शिवण झाडाच्या लाकडाच्या पट्ट्या. खालून दोन आडव्या पट्ट्या अर्धा इंच खोल खाचेत बसवणार. बाभूळ तांबूस काळपट, शिवण पिवळसर पांढरी. दोन्ही शेजारी ठेवल्या की फार देखण्या दिसतात.

अडचण आखणीची आहे. खाचेची रेघ शिवणीवरून निघून बाभळीवर जाते आणि परत शिवणीवर येते. घरातली शाळेची एचबी पेन्सिल घेतली. शिवणीवर रेघ छान उमटली, पण घामाचा तळवा लागला की काळा फराटा. बाभळीवर तीच रेघ नाहीशी. मान तिरकी केली तर चमकते, सरळ पाहिलं तर काही नाही. मग लेकीच्या जुन्या रंगपेटीतली पांढरी पेन्सिल काढली. ती दिसली, पण जाड आली आणि दोन लाकडांच्या सांध्यावर एचबीची रेघ आणि पांढरी रेघ जुळेनात. तुकड्यावर खाच पाडून पाहिली तर शिवणीत पट्टी घट्ट आणि बाभळीत ढिली.

मी शेतकरी, हौसेने सुतारकाम करतो. दोन्ही लाकडांना चालेल अशी एकच पेन्सिल आहे का? की प्रत्येक लाकडाला वेगळी लागते? आखाजीला अजून महिनाभर आहे.

पांझरा (सोमवार, रात्री ९:४८)

दादा, पाटाची कल्पना आवडली.

माझा अनुभव सांगतो. गडद लाकडावर पांढऱ्यापेक्षा पिवळी पेन्सिल वापरून बघा. जुन्या शिसवीच्या खुर्च्या दुरुस्त करताना मला पिवळी रेघ जास्त स्वच्छ दिसायची. पांढरी रेघ आणि रंध्याने निघालेला बारीक भुसा एकसारखे दिसतात, फुंकर मारल्याशिवाय रेघ कोणती ते कळत नाही. लाल पेन्सिल मात्र बाभळीवर घेऊ नका, लाकूडच तांबूस आहे.

कामकरी (सोमवार, रात्री १०:०५)

एवढा विचार कशाला? बॉलपेन घ्या. बारीक चालतो, पुसत नाही, टोक करायला नको. आमच्याकडे प्लायच्या कामात सगळे बॉलपेनच वापरतात.

भुसावळ_पॉलिश (सोमवार, रात्री १०:३१)

@कामकरी, भाऊ, प्लायवर सनमायका चढणार असतो, त्याखाली काय आहे ते कोण बघतं! उघड्या लाकडावर बॉलपेन कधीच नको. लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवून हात मारला की शाई त्या स्पिरिटमध्ये सुटते आणि निळा-जांभळा डाग पसरतो. बोंड्याचा, म्हणजे पॉलिशच्या कापडी बोळ्याचा, पुढचा हात तोच डाग पुढे नेतो. शिवणीसारख्या पांढऱ्या लाकडात शाई खोलवर उतरते. घासत बसलं तर फळीला खळगा पडतो, डाग तसाच राहतो. असे चार दरवाजे मी पुन्हा खरवडून केलेत, म्हणून तळमळीने सांगतोय.

जुन्या लोकांकडे कॉपिंग पेन्सिल असायची, ओली झाली की जांभळी होणारी. तिच्यात रंगद्रव्य असतं. घामाचा हात लागला तरी रेघ जांभळी फुटते. तीही या कामाला नको, आणि ती जिभेला लावायची सवय तर मुळीच नको.

पांढऱ्या रंगपेन्सिलीबद्दल एक सांगतो. तिच्यात मेण असतं. काचेवर लिहायच्या पेन्सिलीत तर आणखी जास्त. मेणाचा थर राहिला तर त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश नीट धरत नाही आणि सांध्यात राहिला तर फेव्हिकॉलही कमी पकडतो. जो भाग कापून निघून जाणार आहे तिथेच ती वापरा.

निवृत्त_निदेशक (मंगळवार, सकाळी ७:२०)

मी धुळे जिल्ह्यात आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचो. आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मुलांकडून यायचा.

पेन्सिलीत शिसं नसतं. ग्राफाइटची पूड आणि माती यांची कांडी असते. ही रीत फ्रान्सच्या निकोला-जाक कोंते यांनी १७९५ मध्ये पेटंट केली. इंग्लंडचं शुद्ध ग्राफाइट युद्धामुळे मिळेनासं झालं, तेव्हा थोडक्या ग्राफाइटमध्ये माती मिसळून, भट्टीत भाजून कांडी करायची युक्ती त्यांनी काढली. माती जास्त तर कांडी कठीण आणि रेघ फिकट, ती एच. ग्राफाइट जास्त तर कांडी मऊ आणि रेघ काळी, ती बी. एचबी मधली. आकडा वाढेल तसा गुण वाढतो. ४एच खूप कठीण, ४बी खूप मऊ.

हे लाकडाला लावून बघू. शिवण हलकी आणि मऊ आहे. तिच्यावर ४एच दाबून ओढली तर रेघेची खाचच पडते. पेन्सिल पुसली तरी ती खाच पॉलिशनंतर वर येते, तेल किंवा रंग तिथे जास्त बसतो. उलट २बी किंवा ४बी घेतली तर पूड सैल बसते आणि घामाने पसरते. म्हणून मऊ पांढऱ्या लाकडाला एचबी किंवा फार तर एच, तीही हलक्या हाताने. हळदूसारखं लाकूड फिकट असूनही चांगलं टणक असतं, तिथे २एच चालते.

बाभळीवर रेघ का दिसत नाही? लाकूड गडद आहे म्हणून, आणि ग्राफाइट चमकतं म्हणून. ग्राफाइटचे पापुद्रे आरशासारखे एका दिशेला उजेड फेकतात. त्या दिशेला तुमचा डोळा असेल तर रेघ रुपेरी दिसते, नसेल तर लाकडात मिसळून जाते. मऊ पेन्सिल घेऊन रेघ जास्त काळी केली तरी गडद लाकडावर उपयोग नाही. काळ्यावर काळं किती घालणार?

अजून एक. बाभळीचा गाभा ताजा रंधलेला असतो तेव्हा गुलाबी तपकिरी असतो, हवा लागली की काळपट होत जातो. आज रंधून आठ दिवसांनी आखायला बसलात तर रेघ आणखी हरवेल. ज्या दिवशी रंधा फिरवाल त्याच दिवशी आखा.

रेघ न जुळण्याचं कारण मात्र रंग नाही. ते संध्याकाळी लिहितो, आता नातीला शाळेत सोडायचं आहे.

तेजू_खेळणी (मंगळवार, दुपारी १:१५)

सर, संध्याकाळची वाट बघते.

मी जळगावात लाकडी खेळणी आणि दारावरच्या पाट्या करते. माझ्याकडे फिकट आणि गडद लाकूड रोज एकत्र येतं. माझ्या टेबलावरच्या गोष्टी सांगते.

फिकट लाकडावर ०.९ मिमीची क्लच पेन्सिल, एचबी कांडी. ०.५ ची कांडी लाकडाच्या रेषांत अडकून सारखी मोडते. ड्रॉइंगवाल्यांची २ मिमीची लीड होल्डर असेल तर उत्तमच, ती घासून अगदी सुईसारखी करता येते.

गडद लाकडावर पांढरी पेस्टल पेन्सिल, चित्रकलेच्या सामानात मिळते. तिची कांडी खडूसारखी कोरडी असते, ओल्या फडक्याने निघते. शिंप्याकडची खडू-पेन्सिलही चालते. पण दोन्ही पाच-सहा इंचांत बोथट होतात. टोक करायला सँडपेपरचा तुकडा शेजारी ठेवावाच लागतो.

फारच काळं लाकूड असलं तर मी त्यावर कागदी मास्किंग टेप चिकटवते आणि टेपवर नेहमीच्या पेन्सिलीने आखते. रेघ लखलखीत दिसते, कापून झालं की टेप सोलून टाकायची. दादा, तुमच्या खाचेला हे करून बघा. फक्त टेप उन्हात तापू देऊ नका, गोंद लाकडावर राहतो.

आणि उजेड! डोक्यावरची ट्यूब बंद करून मोबाइलचा टॉर्च फळीच्या पातळीला आडवा ठेवा. दिसत नाही म्हणून सोडून दिलेल्या रेघा दिसायला लागतात.

शिरपूरचा_नातू (मंगळवार, दुपारी ३:०२)

माझे आजोबा शिरपूरजवळच्या गावात सुतार. वखर, तिफण, बैलगाडीची चाकं, सगळं त्यांनी केलंय. वय ८१. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. हा धागा मी त्यांना वाचून दाखवला.

ते म्हणाले की त्यांच्या उमेदीच्या काळात पेन्सिल कमीच असायची. ओंडक्यावर सूत मारायचे. सालीकडच्या पांढऱ्या भागावर काजळीत भिजवलेलं सूत, गाभ्यावर चुन्यात किंवा खडूत घोळलेलं. दोन खिळ्यांत ताणायचं, मधे चिमटीत धरून उचलायचं आणि सोडायचं. बाभळीचाच गाभा आणि बाभळीचंच पांढरं, दोन्ही एकाच फळीत असायचं. तेव्हा ते दोन सुतं ठेवायचे.

मी विचारलं, आबा, मग पेन्सिल कोणती सांगू? तर म्हणाले, "पेन्सिल कोनती बी राहू दे, रेघ एकच पाह्यजे."

याचा अर्थ मला नीट लागला नाही. विचारलं तर म्हणाले, त्याला कळेल.

निवृत्त_निदेशक (मंगळवार, सायंकाळी ७:४५)

@शिरपूरचा_नातू, तुमच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. मी संध्याकाळी जे लिहिणार होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

अनेरकाठ, आखताना तुमचा गुण्या (काटकोनाची पट्टी) हलला नव्हता ना? मग रेघ का सरकली ते बघा. गोल पेन्सिलीचं टोक गुण्याच्या पात्याला कधीच टेकत नाही. टेकते ती शंकूची बाजू. टोक पात्यापासून थोडं दूर असतं. एचबीचं टोक बारीक केलेलं असेल तर ते अंतर एक, बोथट पांढऱ्या पेन्सिलीचं दुसरं. तुम्ही पेन्सिल बदललीत, तेव्हा ते अंतरही बदललं. शिवाय पांढरी रेघ स्वतःच मिलिमीटरभर जाड. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिमी. खाचेच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर चुकलं की अर्ध्या सुताहून जास्त पट्टी ढिली. तुमच्या बाभळीत तेच झालंय.

रंगाचा घोळ आणि मापाचा घोळ वेगळे करा. माप सुरीने आखा, पेन्सिल फक्त ते माप दिसावं म्हणून.

सुरी विकत घ्यायची गरज नाही. जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा सहाणेवर एकाच बाजूने घासा. दुसरी बाजू सपाटच ठेवा. ती सपाट बाजू गुण्याच्या पात्याला चिकटून चालते, मधे अंतर उरत नाही. पहिला हात हलका, दुसरा जरा जोरात. शिवणीवरून बाभळीवर, बाभळीवरून शिवणीवर, एकाच हाताने, एकाच सुरीने, न उचलता. ही तुमची 'एकच रेघ'.

आता दिसण्याचं. शिवणीच्या भागात त्या चिरेत धारदार एचबीचं टोक फिरवा. बाभळीच्या भागात खडूची पूड बोटाने चोळा आणि वरची फडक्याने पुसून घ्या. पूड चिरेत राहते. गडद लाकडात केसाइतकी पांढरी रेघ मिळते, कोणत्याही पांढऱ्या पेन्सिलीने इतकी बारीक येणार नाही.

सुरीचा दुसरा फायदा असा की आडव्या तंतूंना ती आधीच कापून ठेवते. पटाशी लावली की खाचेची कड फाटत नाही. उभ्या तंतूंच्या दिशेने मात्र सुरी तंतूबरोबर वाहवते. तिथे मार्किंग गेज (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार) किंवा पेन्सिलच बरी.

भुसावळ_पॉलिश (मंगळवार, रात्री ८:३०)

सरांचं पटलं, एक सावधगिरी फक्त. बाभळीची रंध्रं मोकळी असतात. खडूची पूड चिरेत बसते तशी आजूबाजूच्या रंध्रांतही बसते, आणि तेल लावल्यावर बारीक पांढरे ठिपके दिसतात. म्हणून खडू रेघेच्या कापून जाणाऱ्या बाजूलाच चोळा. तुमची खाच पाटाच्या खालच्या अंगाला आहे म्हणून फारसं बिघडणार नाही, पण वरच्या अंगाला हे करायची वेळ आली तर आधी तुकड्यावर तेल लावून बघा.

आणि ओलं फडकं मारलंत तर लोखंडी गुण्या लगेच फळीवर टेकवू नका. बाभळीत टॅनिन भरपूर असतं, म्हणून तर तिची साल कातडी कमवायला वापरतात. ओलावा, लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की निळा-काळा डाग पडतो. तो पेन्सिलीचा समजून लोक घासत बसतात. ग्राफाइट निव्वळ कार्बन आहे, ते लाकडाशी असं काही करत नाही.

पेन्सिलीच्या उरलेल्या रेघा खोडरबराने पुसू नका, त्या तंतूंत चोळल्या जातात. रंध्याचा एक बारीक हात किंवा १८० नंबरचा पेपर. कोपऱ्यात पेपर पोचत नसेल तिथे स्पिरिटचं फडकं.

कामकरी (मंगळवार, रात्री ९:००)

पॉलिशवाले दादा, बॉलपेनचं माझं चुकलंच. उघड्या लाकडाचं काम मी फारसं केलेलं नाही.

एक विचारतो. बाजारात सुताराची चपटी पेन्सिल मिळते, लाल रंगाची. ती मग कशासाठी?

निवृत्त_निदेशक (मंगळवार, रात्री ९:२५)

चपटी असते ती घरंगळू नये म्हणून. छपरावर किंवा उतरत्या फळीवर काम करताना याची किंमत कळते. कांडीही रुंद आणि जाड, म्हणून खरखरीत करवती फळीवर मोडत नाही. ओंडका, कडी, वासा, दाराच्या चौकटीचं मोठं माप, तिथे तीच हवी. शार्पनरमध्ये ती जात नाही, पटाशीनेच तासायची, आणि टोकही पटाशीसारखं सपाट करायचं. सपाट बाजू पट्टीला लावून ओढली तर रेघ बारीक येते आणि गोल पेन्सिलीपेक्षा बराच वेळ बारीक राहते.

गोल किंवा षटकोनी पेन्सिल वापरत असाल तर ओढताना बोटांत हळूहळू फिरवत चला. टोक एकाच बाजूने झिजत नाही.

कंपनीचं विचाराल तर कॅमलिन, नटराज, अप्सरा, कोणतीही साधी पेन्सिल पुरते. टोक वेळेवर करणं जास्त महत्त्वाचं.

गिरणामाई (बुधवार, सकाळी १०:४०)

मी सुतारकाम करत नाही, पण हा धागा वाचून एक आठवण सांगावीशी वाटली.

पारोळ्याकडे आमचं धाब्याचं घर होतं. वरची माती दर पावसाळ्यात गळायला लागली, तेव्हा तीन वर्षांपूर्वी उतरवलं. सागाच्या कड्या चुलीच्या धुराने कोळशासारख्या काळ्या झालेल्या. एका तुळईचं कुसू खांबाच्या भोकातून निघालं तेव्हा आतली बाजू मधासारखी पिवळी, आणि तिच्यावर पेन्सिलीची रेघ. काल ओढावी तशी. शेजारी दोन उभ्या आणि एक आडवी खूण, कोणता खांब कोणत्या तुळईला जातो त्याची असावी. पणजोबांच्या वेळचं घर. वडील बराच वेळ त्या रेघेवर बोट ठेवून उभे होते.

ती तुळई आम्ही विकली नाही.

निवृत्त_निदेशक (बुधवार, सकाळी ११:१५)

ताई, फार चांगलं केलंत.

ग्राफाइट उन्हाने उडत नाही आणि हवेने बदलत नाही. शाई फिकी पडते, ग्राफाइटची रेघ घासली नाही तर राहते. जर्मनीत सतराव्या शतकातल्या एका लाकडी घराच्या छपरात सुताराची एक पेन्सिल सापडली होती, ती फेबर-कॅस्टेल कंपनीच्या संग्रहात जपून ठेवली आहे. जगातल्या सर्वांत जुन्या पेन्सिलींत तिची गणना होते.

सातपुडा_पायथा (बुधवार, दुपारी १२:५०)

पेन्सिलीवर सगळं आलंच आहे. मला पाटाची काळजी वाटते.

आत्ता आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत. पावसाळ्यात तीच फळी रुंदीला फुगणार. लांबीला लाकूड जवळपास हलत नाही, रुंदीला हलतं. तुमच्या आडव्या पट्ट्या पाटाच्या रुंदीला आडव्या बसणार. त्या खाचेत पूर्ण लांबीला फेव्हिकॉलने चिकटवल्या तर पाट हलू शकणार नाही आणि फळी तडकेल. फक्त मधे बाभळीत स्क्रू घट्ट करा, कडेच्या शिवणीत स्क्रूची भोकं लांबट ठेवा. गोंद नकोच.

साखळीची कडी मात्र बाभळीच्या आडव्या पट्टीतूनच आरपार, खालून वॉशर आणि नट लावून. शिवणीत माणसाचं वजन टांगू नका.

अनेरकाठ (शनिवार, रात्री ८:२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण तीन दिवस तुकड्यांवर सगळं करून पाहिलं. जे दिसलं ते लिहितो, पुढे कुणाच्या कामी येईल.

दोन्ही लाकडांचे एकेक वीतभर तुकडे चिकटवून त्यावर आखलं. सकाळी गोठ्याच्या दारात, दुपारी पडवीत, रात्री बल्बखाली, तिन्ही वेळा पाहिलं.

शिवणीवर एचबी सगळ्यांत चांगली. एच बारीक येते, पण रात्री बल्बखाली मला चष्मा लावूनही शोधावी लागली. २बी सकाळी झकास दिसली, पण दुपारी घामाने पुसटली. ४एच ची खाच खरंच राहिली. रंधा फिरवून पेन्सिल गेली, अळशीच्या तेलाचा हात मारला आणि ती पुन्हा दिसली. निदेशक सरांनी सांगितलं नसतं तर मी हे पाटावर करून बसलो असतो.

बाभळीवर पिवळी आणि पांढरी दोन्ही दिसल्या. पांझरा भाऊ, पिवळी भुशात हरवत नाही हे खरं. पण तासाभरात तीनदा टोक करावं लागलं. पेस्टल पेन्सिल चोपड्यात मिळाली नाही. टेपची युक्ती उत्तम, पण माझ्या फळीची कड थोडी खडबडीत होती, तिथे टेप उचलली गेली.

सुरी केली. जुन्या हॅक्सॉ ब्लेडची, सहाणेवर तासभर घासून. पहिली रेघ ओढली आणि सांध्यावर बोट फिरवलं. कुठे पायरी नाही. शिवणीत एचबी, बाभळीत खडू. आडवा टॉर्च ठेवला तर बाभळीत खडूशिवायही चिरेची सावली दिसते.

तरी एक चूक राहिली. खाच पाडली तर आता पट्टी बाभळीत आणि शिवणीत सारखीच बसते, पण दोन्हीकडे सारखीच ढिली, कागद जाईल इतकी. रेघ एक, सरळ, बारीक. मग हे का?

शिरपूरचा_नातू (शनिवार, रात्री ९:०५)

आबांना लगेच वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "करवत रेघवर नही, रेघना बाजूले चालस." तुम्ही रेघेवरच करवत घातली असणार, असं त्यांचं म्हणणं. रेघ खाचेच्या बाहेर राहायला पाहिजे, करवतीचा काप आतल्या बाजूला पडला पाहिजे. जो भाग जाणार त्यावर आधी फुली मारायची. त्यांच्या प्रत्येक कामात फुली असायची, ती मी लहानपणापासून बघतोय. ती कशासाठी ते मला आज कळलं.

फुलीला कोणतीही पेन्सिल चालते, असंही म्हणाले. तो भाग जाणारच असतो.

तेजू_खेळणी (शनिवार, रात्री ९:३०)

फुली! मी पण मारते, पण इथे लिहायचं सुचलंच नाही. गडद लाकडावर फुलीसाठी जाड पांढरी रंगपेन्सिल बिनधास्त वापरा. मेण, जाडी, कशाचीच अडचण नाही.

अनेरकाठ (रविवार, सकाळी ६:४०)

हो, रेघेवरच घातली होती. आज फुल्या मारून पुन्हा करतो. आबांना माझा दंडवत सांगा.

अनेरकाठ (पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:१५)

धागा वर काढतोय, कारण सांगायचं राहिलं होतं.

पाट आखाजीच्या तीन दिवस आधी झाला. पट्ट्या लाकडी ठोकणीच्या दोन ठोक्यांत बसल्या, हलत नाहीत. सातपुडा भाऊंनी सांगितल्याप्रमाणे गोंद लावला नाही, कडेची भोकं लांबट ठेवली. वरून अळशीच्या तेलाचे तीन हात दिले. भुसावळचे दादा, वरच्या अंगावर एकही पांढरा ठिपका नाही.

लेक आली. निंबाखाली तिच्या मैत्रिणी, चुलत बहिणी, सगळ्या जमल्या. दिवसभर पाट रिकामा नव्हता. संध्याकाळी तिची आई बसली. तिला मी झोक्यावर बसलेलं पंधरा-वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

भुसावळ_पॉलिश (रविवार, रात्री १०:४०)

वा दादा! मन भरून आलं. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली नाहीत ना? अळशीचं तेल वाळताना तापतं, बोळा आपोआप पेटू शकतो. या उन्हात तर जास्तच जपा. पसरून वाळवा, मग टाका.

अनेरकाठ (रविवार, रात्री ११:०२)

कुंपणाच्या तारेवर पसरून वाळवली, दादा.

@गिरणामाई, ताई, तुमची तुळई डोक्यात राहिली होती. आडव्या पट्ट्या बसवायच्या आधी एका खाचेच्या तळाशी लेकीचं नाव, तारीख आणि 'बांधावरची बाभूळ' असं लिहिलं. वर पट्टी बसली, आता ते कुणाला दिसत नाही. तिलाही सांगितलेलं नाही.

गिरणामाई (सोमवार, सकाळी ८:१०)

बाभळीत लिहिलंत की शिवणीत?

अनेरकाठ (सोमवार, सकाळी ८:३५)

शिवणीत. एचबीने.